डोळ्यांपुढचे काजवे : विजेनं दृष्टी परत येते का?

(तेल्हारा इथल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली. आजचा विषय माझ्याकडे आला तो घरातून. माझा एक मावसभाऊ आहे, याच तालुक्यातला. कपाशी, तूर, थोडी केळी. लहानपणी दिवस मावळला की तो बांधावर ठेचकाळायचा आणि आम्ही पोट्टे त्याला रातांधळा म्हणून चिडवायचो. पुढे कळलं की त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा आजार आहे. आज तो पन्नाशीला आलाय आणि त्याला पाईपातून पाहिल्यासारखं फक्त समोरचं दिसतं, बाजूचं सगळं गेलं.

गेल्या दिवाळीत त्याच्या मुलाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. चष्म्यात कॅमेरा, डोळ्यात चिप, आणि न दिसणारी म्हातारी माणसं अक्षरं वाचताहेत. रात्री साडेदहाला मला फोन. "दादा, हा विजेचा डोळा मले बसन काय? एक एकर इकून टाकतो."

मी म्हटलं, थांब, पाहून सांगतो. पाहायला मला काही महिने लागले. त्याला जे सांगितलं, तेच आज तुमच्यापुढे सांगणार आहे.

आता बघा. गावात लाईट गेली की वायरमन आल्याबरोबर नवा बल्ब लावतो का? नाही. तो आधी शोधतो की बिघाड कुठं आहे. बल्ब उडाला, घरातला फ्यूज गेला, खांबावरची तार तुटली, की डीपीच जळाली? डोळ्याचंही असंच आहे. 'दिसत नाही' हे एकच वाक्य आहे, पण त्यामागचे बिघाड वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पुढून सुरू करू. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पांढरा पडला तर मेल्यानंतर दान केलेल्या डोळ्याचा पडदा बसवता येतो. नेत्रदान म्हणतात ते हे. पूर्ण डोळा बसवत नाहीत, कॉर्निया बसवतात. त्याच्या मागं भिंग. ते गढूळ झालं की मोतीबिंदू. गढूळ भिंग काढायचं, कृत्रिम घालायचं. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय पाहणी झाली. तिच्यात पन्नाशीच्या पुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं सुमारे ६६ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे दर तीन आंधळ्या म्हाताऱ्यांमागे दोघांना कुठल्याही चिपची गरज नाही, साध्या शस्त्रक्रियेची आहे. व्हिडिओ पाहून भारावण्याआधी हे ध्यानात ठेवा.

आणखी मागं गेलो की येतो डोळ्याचा आतला पडदा, रेटिना. त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात, एका डोळ्यात १२ कोटींच्या वर. त्या प्रकाशाचं विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करतात. ते इशारे मधल्या पेशींतून जातात आणि साधारण १० ते १२ लाख धाग्यांच्या एका जुडीतून मेंदूकडे निघतात. ही जुडी म्हणजे दृष्टीची नस. ती जाते डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर हात लावाल तिथं. खरं 'पाहणं' तिथं होतं.

माझ्या भावाच्या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. आधी कडेच्या, रात्री उपयोगी पडणाऱ्या. म्हणून सुरुवात रातांधळेपणानं. पण त्यांच्या मागच्या पेशी आणि नस बऱ्याच अंशी जिवंत राहतात. बल्ब गेला, तार शाबूत. काचबिंदूत उलटं होतं, नसच सुकते. तिथं तार गेली.

म्हणजे प्रश्न असा आहे, की तार शाबूत असेल तर तिच्यात बाहेरून वीज सोडून मेंदूला 'उजेड' दाखवता येईल का?

याचं उत्तर आपल्या भाषेनं कधीच देऊन ठेवलंय. डोक्यावर टोला बसला की आपण काय म्हणतो? डोळ्यांपुढे काजवे चमकले. खोलीत काजवा नसतो, उजेडही नसतो. पण धक्क्यानं त्या पेशी चाळवल्या जातात, आणि दृष्टीच्या तारेवरून काहीही आलं तरी मेंदू त्याला उजेडच समजतो. विजेच्या डोळ्याचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

१७५५ साली फ्रान्समध्ये शार्ल ल रॉय नावाच्या वैद्यानं एका अंध माणसाच्या डोक्याभोवती तार गुंडाळून विजेचा झटका दिला. त्या माणसाला ज्वाळेसारखं काही दिसलं. दृष्टी अर्थात आली नाही. पण धागा हाती लागला. १९२९ मध्ये जर्मनीत फोर्स्टर या शल्यविशारदानं मेंदूच्या मागच्या भागाला विजेचा स्पर्श केला, तर रुग्णाला उजेडाचा ठिपका दिसला. मग १९६८ साली ब्रिटनमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉल्पोल ल्यूइन यांनी ५२ वर्षांच्या एका अंध बाईच्या मेंदूवर ८० इलेक्ट्रोड बसवले. इलेक्ट्रोड म्हणजे वीज सोडायची बारीक टोकं. एक टोक चालू केलं की त्यांना ठरलेल्या जागी एक लहान पांढरा ठिपका दिसायचा, काही टोकांनी दोन-तीन ठिपके किंवा ढगासारखं धूसर. बाईंनी नजर फिरवली की ठिपकेही सोबत फिरायचे.

हा ठिपका म्हणजे आपला काजवा. आता पुढचं सगळं गणित, हे काजवे किती आणि ते कसे मांडायचे.

जगात ज्या यंत्राचा सर्वाधिक बोलबाला झाला, त्याचं नाव आर्गस-२. कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीचं. युरोपात २०११ साली आणि अमेरिकेत २०१३ साली त्याला परवानगी मिळाली. चष्म्यावर कॅमेरा, कमरेला छोटा संगणक, तिथून बिनतारी पद्धतीनं डोळ्यात संदेश, आणि रेटिनावर टाचलेली ६० टोकांची पट्टी. किंमत सुमारे दीड लाख डॉलर. आजच्या हिशेबानं सव्वा कोटीच्या वर, शस्त्रक्रिया वेगळी.

६० टोकं म्हणजे फार तर ६० काजवे. १२ कोटी पेशींच्या जागी ६०. काय दिसत असेल? दरवाजा कुठं आहे, खिडकीतून उजेड येतोय, पुढून कुणी गेलं, रस्त्यावरचा पांढरा पट्टा. काहींना मोठं अक्षर ओळखता आलं. सगळ्यात चांगली नजर मोजली गेली ती २०/१२६० एवढी. धड डोळ्याचा माणूस जे १२६० फुटांवरून ओळखतो, ते यांना २० फुटांवरून. आपल्याकडे डोळ्यांचे डॉक्टर ६/६ म्हणतात, त्या मापात ६/३७८. आणि आपल्या सरकारी व्याख्येत ३/६०पेक्षा कमी म्हणजे अंध. म्हणजे यंत्र उत्तम चाललं तरी माणूस कागदोपत्री अंधच राहतो. म्हणून बातमीत 'दृष्टी परत आली' असं वाचलं की मी थांबतो. काजवे आले, दृष्टी नाही.

तुम्ही म्हणाल, मग ६०च्या जागी ६,००० टोकं लावा. इथंच गोम आहे. शेतात पाटानं पाणी सोडलं तर एका झाडाला देतो म्हणून देता येतं का? आजूबाजूचा सगळा वाफा भिजतो. ठिबकनं मात्र थेंब मुळाशी पडतो. डोळ्यातला द्रव खारट आहे, त्यात वीज पाटाच्या पाण्यासारखी पसरते. शेजारच्या टोकांचे काजवे एकमेकांत मिसळतात. शिवाय रेटिनाच्या पृष्ठभागावरून दूरच्या पेशींचे धागे गेलेले असतात. तेही चाळवले जातात आणि ठिपक्याऐवजी रेघ दिसते. टोकं वाढवणं सोपं आहे, ठिबक साधणं कठीण.

कुणी म्हणेल, कानात बसवतात ते यंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट, ते तर चालतं. आपल्याकडे कितीतरी लहान मुलांना बसवलंय, मुलं बोलायला लागतात. त्यात तर २०-२२च टोकं असतात. बरोबर आहे. पण कानाची नस साधारण ३० हजार धाग्यांची, डोळ्याची १० लाखांच्या वर. आणि कानात जाड-बारीक सूर एका ओळीत मांडलेले असतात, त्यामुळे थोड्या टोकांत भागतं. चित्राला लांबी-रुंदी दोन्ही लागते.

आता मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. २०१२ मध्ये आर्गस बसवलेल्या एका माणसावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याला ब्रेल येत होती. शास्त्रज्ञांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि ६० पैकी फक्त ६ टोकांनी ब्रेलच्या अक्षराचे ठिपके थेट डोळ्यात उमटवले. त्यानं ८९ टक्के अक्षरं बरोबर ओळखली, तीही अर्ध्या सेकंदात. एरवी कॅमेऱ्यानं एक अक्षर ओळखायला या यंत्राला कितीतरी वेळ लागायचा. म्हणजे काय? काजवे किती यापेक्षा, ते वाचायला मेंदू शिकलाय का, याला जास्त महत्त्व आहे. आणि तेच सहा ठिपके कागदावर उठवले तर बोटाला वाचता येतात, सव्वा कोटीशिवाय.

पण कथा इथं संपत नाही. आर्गस साडेतीनशेहून अधिक लोकांना बसवलं गेलं. २०१९ मध्ये कंपनीनं ते बनवणं थांबवलं. २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढून टाकले. पुढं कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांचं काय? २०२२ साली अमेरिकेतल्या एका तंत्रविषयक मासिकानं हे उघड केलं. सुटे भाग मिळेनात. एकाला चक्कर येत होती म्हणून एमआरआय करायचा होता. डोळ्यात हे यंत्र असताना तो करावा का, हे कंपनीला विचारलं तर उत्तर नाही. न्यूयॉर्कमधल्या एका बाईंचं यंत्र तर मेट्रो स्टेशनमध्ये गाडी बदलताना अचानक बंद पडलं होतं. पुन्हा ते चाललं नाही. डोळ्यातली पट्टी मात्र तशीच राहिली, कारण काढायची म्हणजे आणखी एक शस्त्रक्रिया.

आपण विहिरीवर मोटर बसवतो तेव्हा विचारतो ना, बिघडली तर अकोल्याला दुरुस्त होईल की नागपूरला न्यावी लागेल? जळाली तर दोराला बांधून वर ओढता येते. इथं मोटर डोळ्यात आहे.

मग सगळं फोल का? तसंही नाही. भावाच्या मुलानं पाहिलेला व्हिडिओ खोटा नव्हता. ते नवं यंत्र, नाव प्रिमा. स्टॅनफर्डच्या डॅनियल पालँकर यांच्या कल्पनेतून आलेलं. दोन मिलिमीटर लांब-रुंद चिप, केसापेक्षा पातळ, तिच्यात ३७८ घरं. प्रत्येक घर म्हणजे एक इवलं सोलर पॅनेल. चष्मा कॅमेऱ्यातलं चित्र डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांनी चिपवर पाडतो, आणि चिप त्याच किरणांवर चालते. तार नाही, बॅटरी आत नाही. ती रेटिनाच्या खाली, मेलेल्या पेशींच्या जागीच सरकवतात, त्यामुळे ठिबकच्या जरा जवळ जाता येतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याचे निकाल आले. म्हातारपणी रेटिनाचा मधला भाग झिजतो, अशा ३८ जणांना युरोपात चिप बसवली होती. वर्षभरानंतर ३२ जणांची तपासणी झाली, त्यातल्या २६ जणांची नजर ठळकपणे सुधारली. मोठी केलेली अक्षरं, शब्द वाचता येऊ लागले. हे मोठं यश आहे. पण दिसतं ते काळं-पांढरं, मधल्या थोड्या भागात, महिनोन्‌महिने सराव केल्यावर. आणि ३८ पैकी १९ जणांना गंभीर म्हणावेत असे त्रास झाले. बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत, आणि बहुतेक बरेही झाले. मूळ फ्रेंच कंपनी पैशांअभावी अडचणीत आली आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीनं हे तंत्र विकत घेतलं. म्हणजे इथंही आर्गसचीच वेळ थोडक्यात टळली.

नसच गेली असेल तर? मग थेट मेंदूत. स्पेनमध्ये एल्चे इथं एदुआर्दो फर्नांदेस यांच्या गटानं १६ वर्षं पूर्ण अंध असलेल्या ५७ वर्षांच्या एका माजी शिक्षिकेच्या मेंदूत सुमारे शंभर सूक्ष्म सुया बसवल्या. सहा महिने त्यांनी काजव्यांतून काही अक्षरं, आकार ओळखले. मग ठरल्याप्रमाणे सुया काढल्या. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ही प्रयोगशाळेतली पायरी आहे, दवाखान्यातली नाही.

आणखी एक गोष्ट. हे प्रयोग आधी दिसत असलेल्या लोकांवर होतात. पाहणं मेंदू बालपणी शिकतो. जो जन्मापासून अंध आहे, त्याचा तो भाग स्पर्श आणि आवाज यांच्या कामाला लागलेला असतो. तिथं काजवे सोडून चित्र उमटेल असं धरून चालता येत नाही. आपल्या वऱ्हाडातले गुलाबराव महाराज तान्हे असतानाच दृष्टी गेलेले. अवघं ३४ वर्षांचं आयुष्य, आणि सांगून लिहवून घेतलेले शंभरावर ग्रंथ. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं, ते काही दयेपोटी नव्हे. आणि आजचं उदाहरण हवं तर वझ्झरचं घ्या. शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. चिप नव्हती. शिकवणारी माणसं होती.

तर भावाला मी काय सांगितलं? तीन प्रश्न विचार, म्हटलं. पहिला, माझा बिघाड नेमका कुठं आहे? दुसरा, हे बसवल्यावर वर्षभरानं किती जणांना काय दिसलं? 'सुधारणा होते' नको, आकडा सांगा. तिसरा, दहा वर्षांनी बंद पडलं तर कोण दुरुस्त करणार?

त्याच्या बाबतीत उत्तरं अशी निघाली. प्रिमा तपासलं गेलं ते म्हातारपणच्या झिजेवर, त्याच्या आजारावर नाही. आर्गस बनत नाही, आणि बनत असतं तरी ते जवळजवळ काहीच न दिसणाऱ्यांसाठी होतं. त्याला अजून समोरचं दिसतं. उरलेल्या नजरेवर चाकू चालवायचा नाही. म्हणजे आज उत्तर 'नाही'.

हे 'नाही' म्हणायला मला जड गेलं. तो फोनवर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मंग आता काय करू ते सांग."

खरं व्याख्यान इथून सुरू होतं, मंडळी. नजर थोडी आहे तोवर शिकून घ्यायचं. पांढरी काठी कशी धरायची. मोबाइलमध्ये टॉकबॅक असतं, ते मराठी वाचून दाखवतं, फुकट. दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड काढायचं. मुलांचे डोळे तपासून घ्यायचे. त्याच्या आई-वडिलांचं लग्न नात्यातलं, मामाच्या मुलीशी. असे काही आजार दोन्हीकडून एकच सदोष जनुक आलं की उमटतात, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते. हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही, पुढच्या सोयरिकी जमवताना माहीत असावं म्हणून सांगतो. आणि आपले सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवायचे. उद्या त्याच्या आजारासाठी खरंच काही निघालं, तर बिघाड कुठं आहे हे दाखवता आलं पाहिजे.

एकर विकला नाही. काठी घ्यायला तीन महिने लाजला, आता घेतो. सुरुवातीला म्हणायचा, "काठी घेतली म्हणजे आंधळा झालो." आता म्हणतो, "काठी घेतली तं गड्याचा खांदा सुटला."



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : पूर्ण डोळाच बदलता येत नाही का?

मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला पूर्ण डोळा बसवला. डोळा जिवंत राहिला, त्यात रक्त खेळलं, पण दिसलं नाही. कारण नसेचे लाखो धागे तुटतात आणि ते पुन्हा जोडता येत नाहीत. म्हणून म्हणतो, नवा बल्ब लावण्याआधी तार पाहा.

प्रश्न : मोठ्या शहरात मूळ पेशींचं इंजेक्शन देतात, त्यानं या आजारात दिसतं म्हणतात. घ्यावं का?

माझ्या भावालाही एका ठिकाणी हे सांगितलं होतं, चार लाखांत. आपल्या देशाच्या नियमांनुसार डोळ्याच्या अशा आजारात मूळ पेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात. आणि चाचणीत उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पैसे मागितले, की उठून या.

प्रश्न : माझ्या नातीला रात्री दिसत नाही. तोच आजार असेल का?

घाबरू नका, पण थांबूही नका. लहान मुलात 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तरी रातांधळेपणा येतो आणि तो वेळेत औषध दिलं तर बरा होतो. दोन्हींत सुरुवात एकसारखी दिसते. फरक डॉक्टर रेटिना पाहूनच सांगतील. तिला याच आठवड्यात दाखवा. आम्ही भावाला चिडवण्यात जी वर्षं घालवली, ती तुम्ही घालवू नका.